मधल्या फळीचा सत्कार

३ सप्टेंबर २००५, शनिवार

आणि तरीही अंशुमनकडे कोणी चेंडू देईना. मी टचलाइनवरून ओरडत होतो, त्याला द्या, मधे उभा आहे तो. लाइन्समन म्हणाला, सर, प्लीज, जरा मागे. मी मागे झालो आणि गोल झाला. आमच्यावर. पेनार्वेल टाऊन शून्य, पाहुणे तीन.

अंशुमन पूर्ण वेळ खेळला. एकही चूक केली नाही. सुलक्षणा म्हणाली, चूक करायला आधी चेंडू लागतो. बायकोला फुटबॉल कळत नाही.

घरी येऊन रेखाला अमेरिकेत फोन. म्हटलं, तुझ्या चिरंजीवांचं ब्रिटिश फुटबॉलमध्ये पदार्पण झालं. ती म्हणाली, दादा, तो तिकडे फिजिओथेरपी शिकायला आलाय. तू त्याला खोली दिलीस, एवढं पुष्कळ झालं. शनिवारी गंमत म्हणून खेळायचं तर खेळू दे.

गंमत! माझ्या बहिणीची दृष्टी पहिल्यापासून आखूड.

४ सप्टेंबर, रविवार

भाच्याच्या करिअरचा शांतपणे आढावा घेतला.

वय अठ्ठावीस. मिडफिल्डर. अमेरिकेच्या खालच्या लीगमध्ये तीन क्लब. त्यांतले दोन तो सोडून गेल्यावर बंद पडले. यावरून त्याचं महत्त्व कळतं. गोल फार नाहीत. पण मिडफिल्डर म्हणजे आमच्याकडचा भूलतज्ज्ञ. ऑपरेशन त्याच्या भरवशावर, नाव सर्जनचं.

तिसऱ्या क्लबने या उन्हाळ्यात सोडलं. कारण दिलं, उजवा गुडघा. अमेरिकन माणसं. गुडघ्यातलं मला सांगताहेत. मी चोवीस वर्षं कार्डिफमध्ये हाडं बघतो आहे.

संकल्प: आजपासून त्याचा मॅनेजर मी. ख्रिसमसपर्यंत मोठा क्लब. कोर्स मग सावकाश.

अंशुमनला अजून सांगितलेलं नाही. खेळाडूवर दडपण नको.

७ सप्टेंबर, बुधवार

गणपती. घरी मंडळाची नेहमीची माणसं.

आरतीनंतर सगळे खाली बसले, अंशुमनने खुर्ची ओढली. म्हणाला, मामा, सॉरी, माझा गुडघा फुल बेंड होत नाही. म्हटलं, सवय नाही तुला, दुसरं काही नाही. मुरलीधरला तेवढं पुरलं. मोदक खाली ठेवून त्याने माझ्याच सोफ्यावर माझ्याच भाच्याचा गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाला, एमआरआय काढू या.

मुरलीधर आणि मी मिरजेला एका वर्गात. आता तो आमच्याच हॉस्पिटलात गुडघ्यांचा कन्सल्टंट. मी असोसिएट स्पेशालिस्ट. कन्सल्टंट हे नुसतं पद आहे. मी त्यासाठी दोनदा अर्ज केला, पण मनापासून केला नाही.

मंडळाच्या अध्यक्ष नीनाताईंनी अंशुमनकडे बघून विचारलं, अय्या, फुटबॉलर? टीव्हीवर दिसतो का हो हा? म्हटलं, अजून नाही. कसा कोण जाणे, माझा ‘अजून’ खोलीभर पोचला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

१२ सप्टेंबर, सोमवार

क्रिकेटपायी देश खुळा झाला आहे. थिएटरमध्ये रेडिओ. पेशंट भुलीतून बाहेर येता येता स्कोअर विचारतो. फुटबॉलसारख्या गंभीर खेळाकडे कोणाचं लक्ष नाही. आमच्या दृष्टीने संधी.

लंचमध्ये एका मोठ्या क्लबला फोन केला. मॅनेजर मीटिंगमध्ये. दुपारी परत केला, मीटिंगमध्ये. चहाच्या वेळी पुन्हा, तरी मीटिंगमध्ये. बाई म्हणाल्या, डॉक्टर, आम्हीच फोन करू. मी नाव न सांगता त्यांनी मला ओळखलं होतं.

इतकी लांबलेली मीटिंग. आमच्याचबद्दल असावी.

१७ सप्टेंबर, शनिवार

पेनार्वेल एक, पाहुणे चार. पण महत्त्वाचं वेगळंच.

हिरव्या कोटातला एक माणूस एकटा उभा होता. थर्मास. दुर्बीण. चेंडूकडे बघत नव्हता. खरा स्काउट चेंडूकडे बघत नाही, मैदानाकडे बघतो, असं मी कुठेतरी वाचलं आहे. जाऊन शेजारी उभा राहिलो. म्हटलं, तो आठ नंबर बघा, अमेरिकन आहे. तो म्हणाला, इज ही? आणि पुन्हा वर बघायला लागला. मुरलेला माणूस. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

त्याला चिवडा दिला. सगळा खाल्ला.

कोच ग्लिन हा आठवडाभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर करतो. सामना संपल्यावर त्याला सांगितलं, अंशुमनला पुढे खेळव. मधे उभं राहून आयुष्यात कोणाचं भलं झालं नाही. तो म्हणाला, डॉक, मी तुझ्या हॉस्पिटलात येऊन हाडं बसवतो का?

हजरजबाबी आहे. वाढीला वाव नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

एमआरआय आला. मुरलीधरने आम्हा दोघांना खोलीत बसवलं. मला खुर्ची पेशंटच्या बाजूची.

म्हणाला, गुडघ्यातली गादी फाटलीय, तुकडा लोंबतोय. सरळ पळतोस तोवर चाललंय. पूर्ण वाकलास, की तो मधे येऊन बसेल आणि पाय तिथेच अडकेल. मग शिवता येईल की कापून टाकावा लागेल, सांगता येत नाही. बारा ऑक्टोबरला माझ्या ऑपरेशनच्या लिस्टवर घेतो. नाताळपर्यंत ठणठणीत.

अंशुमनने विचारलं, जानेवारीत मी चालेन? त्याची हॉस्पिटलमधली पहिली प्लेसमेंट जानेवारीत आहे, दिवसभर वॉर्डात पायांवर. ती चुकली तर पुन्हा पहिलं वर्ष. मुरलीधर म्हणाला, जानेवारीत पळशील. अंशुमन म्हणाला, मग डन. मला बाकी काही नको, काका, फक्त जानेवारी द्या.

गाडीत खूश होता. म्हणाला, मामा, नाईन इयर्स मी दुसऱ्यांना विचारतोय, आज खेळू का, आज खेळू का. आता मी सांगणार लोकांना, आज तुम्ही चाला. इट्स अ गुड जॉब, नाही?

मी घरी येऊन एमआरआय स्वतः पाहिला. फाटल्यासारखं दिसतं, हे कबूल. पण दिसतं. मुरलीधरला पहिल्यापासून कापायची हौस.

१ ऑक्टोबर, शनिवार

नीनाताईंचा फोन. कमिटीने ठरवलं, दिवाळीच्या कार्यक्रमात अंशुमनचा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. पाच नोव्हेंबर. मंडळात डॉक्टर सोडून दुसरं काही झालेला हा पहिलाच, म्हणाल्या. हॉल कम्युनिटी सेंटरचा.

म्हटलं, नीनाताई, खेळाडूचा सत्कार हॉलमध्ये करतात का? मैदानावर करा. सामन्याआधी, सर्वांसमक्ष. पाच तारखेला आमचा घरचा सामना आहे.

त्यांनी तारीख लिहून घेतली. मग म्हणाल्या, श्रीकांतराव, तुम्ही इतकी वर्षं मंडळात मागे का राहिलात?

हा प्रश्न मलाही पडतो.

सुलक्षणा म्हणाली, सत्कार कशाबद्दल? म्हटलं, करिअरबद्दल. ती म्हणाली, अहो, संपलेल्या की न झालेल्या?

३ ऑक्टोबर, सोमवार

अडचण. बारा ऑक्टोबरला ऑपरेशन झालं तर पाच नोव्हेंबरला खेळाडू कुबड्यांवर. कुबड्यांवर सत्कार म्हणजे निरोप समारंभ. शिवाय हिरव्या कोटाचं काय? त्याने तीन सामने गुंतवले आहेत.

४ ऑक्टोबर, मंगळवार

मुरलीधरच्या सेक्रेटरीला फोन करून बारा तारीख सोडली. म्हटलं, पेशंट अजून तयार नाही. हे खरं आहे. मी त्याला विचारलेलं नाही, त्यामुळे त्याची तयारी होण्याचा प्रश्नच येत नाही.

अंशुमनला सांगितलं, लिस्ट भरली, नोव्हेंबरात बघू. तो म्हणाला, ओह. मग म्हणाला, काका प्रॉमिस केलेले ना? म्हटलं, कन्सल्टंट लोकांचं असंच असतं. विचारत बसू नकोस, त्याला संकोच होतो. तो म्हणाला, ओके मामा, तुम्हाला सिस्टिम माहीत आहे.

माहीत आहेच.

१२ ऑक्टोबर, बुधवार

कॉरिडॉरमध्ये लांबून मुरलीधर दिसला. जिन्याने गेलो. व्यायाम हवाच.

१५ ऑक्टोबर, शनिवार

हिरवा कोट कौन्सिलचा निघाला. स्टँडचं छप्पर गळतं, ते पडेल का हे तो बघत होता. ग्लिनने सांगितलं. सगळी टीम हसत होती. गोलकीपर म्हणाला, डॉक, माझ्या गटारासाठीपण एक स्काउट आण.

अंशुमनही हसला. त्याला स्वतःच्या भवितव्याची चाड नाही.

तरी कौन्सिलमध्ये ओळख झाली, हे विसरता कामा नये. चिवडा वाया गेला नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

अंशुमनला ग्लिनने बाकावर बसवलं. कारण विचारलं. म्हणाला, तो अमेरिकन यँक चांगला पोरगा आहे, पण उजवीकडे वळताना बस वळल्यासारखा वळतो. दुखतंय त्याला. तुला दिसत नाही का, डॉक? तुझंच खातं ना हे?

दुर्लक्ष केलं आणि मुद्द्यावर आलो. पाच नोव्हेंबरला आमचं मंडळ येणार आहे. ग्लिन म्हणाला, किती? म्हटलं, दोन बसगाड्या. एरवी इथे माणसांपेक्षा कुत्री जास्त असतात. तो म्हणाला, दोन कोच भरून? तिकीट काढून? मग तो सुरुवातीपासून खेळेल. हवं तर किक-ऑफही त्यालाच देतो. फक्त रेफरी यायच्या आधी मैदान रिकामं करा.

याला वाटाघाटी म्हणतात. अमेरिकेत याच्यासाठी हे कोणी केलं नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीज. रेखाचा फोन. ओवाळल्यासारखं कर, म्हटलं. ती म्हणाली, ओवाळते, आधी सांग त्याचं ऑपरेशन का लांबलं? म्हटलं, इथे सरकारी पद्धत आहे. ती म्हणाली, दादा, तो तुझं ऐकतो, कारण मी त्याला सांगून पाठवलंय की मामाचं ऐक. मला पस्तावायला लावू नकोस.

भावनाप्रधान. सणाचा दिवस.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्काराची तयारी. मानपत्र नीनाताईंनी फोनवर वाचून दाखवलं. ‘अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर मराठी पाऊल उमटवणारे.’ म्हटलं, पाऊल उजवं लिहा. त्यांना विनोद कळला नाही.

अंशुमनला समजावलं. शाल घेतलीस की रांगेतल्या सगळ्या ज्येष्ठांना नमस्कार. वाकून, पायाला हात लावून. ही मंडळी स्वान्सीहून, ब्रिस्टलहून येताहेत. तो म्हणाला, मामा, हात जोडून चालेल? वाकलो की आत काहीतरी सरकतं. म्हटलं, अमेरिकेतली मुलं हात जोडतात आणि जांभई देतात. आपल्याकडे गुडघा जमिनीला लागला पाहिजे. त्याने बूट पिशवीत टाकले. मग म्हणाला, फाइन. पण सॅटर्डेनंतर काकांना मी स्वतः फोन करणार.

कर, म्हटलं. शनिवारनंतर कोणाला कसला वेळ असणार. फोन वाजत राहतील.

गुडघ्याला पट्टी मी स्वतः बांधून पाहिली. उत्तम बांधतो मी.

५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो. उगीच वेगळं काही पसरायला नको.

दोन्ही कोच वेळेवर आले. पैठण्यांवर पावसाळी अनोरॅक. पेनार्वेलच्या इतिहासात इतकी माणसं कधी आली नव्हती. बर्गरवाला घाबरला, पण आपल्या लोकांनी बटाटेवडे घरून आणले होते. ग्लिनने एक खाल्ला आणि पाणी मागितलं.

सत्कार मैदानाच्या मधोमध. नीनाताई बोलल्या. माइक नव्हता, गरजही पडली नाही. समोरच्या टीमला वाटलं अंशुमनचं लग्न आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, मानपत्र. नारळ कुठे ठेवावा कळेना, म्हणून गोलकीपरने धरला.

मग ज्येष्ठांची रांग. अंशुमन एकेकासमोर वाकत गेला. पहिल्या एकदोघांना अर्धवट. मी खूण केली, खाली. मग नीट गुडघा टेकून. फोटो निघत होते. मागून मुरलीधर ओरडला, अरे वाकू नकोस! ए पोरा, वाकू नकोस! मी वळून त्याला म्हटलं, मुरल्या, एक दिवस दुसऱ्याचा होऊ दे.

विष्णूकाका शेवटून दुसरे. ऐंशीच्या पुढे, हळू बोलतात. अंशुमन त्यांच्या पायाशी वाकला आणि वर उठलाच नाही. मला वाटलं, भारावला. विष्णूकाकांनाही तसंच वाटलं. त्यांनी यशस्वी भव म्हटलं, आयुष्मान भव म्हटलं, मग मॅट्रिकपासूनच्या आठवणी सांगायला लागले. नीनाताई डोळे पुसत होत्या. अंशुमनचा हात काकांच्या घोट्यावर घट्ट. शेवटी काका म्हणाले, अरे, पाय सोड की.

अडकलेला गुडघा मी चोवीस वर्षं ओळखतो. सरळ होत नाही, वाकत नाही. पेशंट ओरडत नाही, घामाने भिजतो.

एकाही खेळाडूने त्याला हात लावला नव्हता. किक-ऑफसुद्धा व्हायचा होता.

मुरलीधर ओल्या गवतात बसला. चांगला सूट. गुडघ्याला हात लावला आणि म्हणाला, बारा तारखेला आला असतास तर हे झालं नसतं. तूच रद्द केलीस ना? तयार नाहीस म्हणून? अंशुमन म्हणाला, मी? नो, काका. तुमची लिस्ट फुल होती. मुरलीधर म्हणाला, त्या दिवशी माझी सकाळ रिकामी गेली. मी कॉफी पीत बसलो होतो.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सुलक्षणाने पाहिलं नाही.

मी म्हटलं, पाय उंच ठेवा.

ग्लिन आणि गोलकीपरने त्याला उचलून बाहेर नेलं. क्लबकडे स्ट्रेचर नाही. जाताना ग्लिन मला म्हणाला, आय टोल्ड यू. एवढंच. माणूस एरवी जास्त बोलतो.

अंशुमनने विचारलं, काका, जानेवारी? मुरलीधर म्हणाला, उघडून बघू. तो म्हणाला, काका, ट्रूथ. मुरलीधर म्हणाला, जानेवारी नाही, बाळा.

त्यानंतर सामना झाला. पेनार्वेल दोन, पाहुणे शून्य. मोसमातला पहिला विजय. अंशुमनच्या जागी एक प्लंबर खेळला, त्याने दोन्ही गोल केले. वातावरणनिर्मिती कोणी केली, हे कोणी विचारलं नाही.

परतीच्या कोचमध्ये नीनाताई म्हणाल्या, श्रीकांतराव, मानपत्र तुमच्याकडे राहू द्या. म्हणजे ते त्याने बरोबर नेलं नाही.

काही मुद्दे नोंदवून ठेवतो. तुकडा आधीपासून लोंबत होता. नमस्कार ही आपली पद्धत आहे, माझी एकट्याची नव्हे. आणि पट्टी व्यवस्थित बांधली होती, हे मुरलीधरनेही कापताना पाहिलं.

दिवाणखान्यात अंशुमन सोफ्यावर आहे. मी पाणी नेलं. म्हणाला, थँक यू. मामा म्हणाला नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला मुरलीधर गाडी घेऊन आला. आज दाखल करणार, उद्या ऑपरेशन. अंशुमनला दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवं केलं. सुलक्षणा त्याची बॅग घेऊन पुढे बसली. मी कोट घालून दाराशी उभा होतो. गाडीत जागा होती. कोणी ये म्हणालं नाही.

घरात फोन वाजत होता. रेखाच असणार; तिकडे पहाटेचे तीन. वाजून वाजून थांबला. मी कोट काढला.